ऐन मे महिन्यात एसी बंद पडला तर : ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

आम्ही अकोल्याहून नवी मुंबईतल्या घणसोलीला राहायला आलो, त्याला आता तीन वर्षे झाली. या तीनपैकी दोन उन्हाळ्यांत आमचा एसी ऐन मे महिन्यात बंद पडला. पहिल्या वेळी सातशे रुपयांच्या कामासाठी मी साडेचौदा हजार रुपये मोजायला निघालो होतो. दुसऱ्या वेळी एकाच गळतीवर दोनदा गॅस भरून घेतला आणि तिसऱ्या खेपेला शहाणा झालो. घरात ७६ वर्षांचे वडील आणि पाच वर्षांची मुलगी. बाहेर तापमान ३४ अंशच, पण रात्री अकरा वाजताही अंगाला चिकटलेला सदरा सुटू नये अशी दमट हवा. अशा वेळी समोरचा तंत्रज्ञ जे सांगेल त्याला माणूस मुकाट्याने होकार देतो. तो होकार देण्यापूर्वी काय पाहावे, कोणते कागद हाताशी ठेवावेत आणि दुरुस्ती होईपर्यंतचे चार-आठ दिवस घरच्यांना कसे सांभाळावे, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. माझा अनुभव घरगुती दीड टनाच्या स्प्लिट एसीचा आहे. विंडो एसीलाही यातले बरेचसे लागू पडते.

१. पहिला अर्धा तास : नेमके काय बंद आहे ते स्वतः पाहा

‘एसी बंद पडला’ एवढ्या तक्रारीत चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात. एसीला वीजच मिळत नाही. वीज आहे पण हवा येत नाही. हवा येते पण ती गार नाही. किंवा गारवा आहे, पण भिंतीवरून पाणी ओघळते आहे. यांपैकी तुमचा बिघाड कोणता, हे ठरल्याशिवाय फोन उचलू नका. तंत्रज्ञ फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि त्याच्या उत्तरावरून सोबत काय सामान घ्यायचे ते ठरवतो.

वीज मिळत नसेल तर रिमोटची बॅटरी बदलून पाहा आणि इनडोअर युनिटवरच्या छोट्या बटणाने तो सुरू होतो का ते तपासा. त्यानंतर एसीचा स्वतंत्र एमसीबी, म्हणजे बिघाड झाल्यास वीज आपोआप तोडणारा खटका, पाहा. तो खाली पडलेला असेल तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर तिथेच थांबा. तो पुन्हापुन्हा वर ढकलणे म्हणजे आत झालेल्या शॉर्टला आमंत्रण देणे आहे. प्लग काढून सॉकेटचे तोंड नीट न्याहाळा. दीड टनाचा साधा एसी सात-आठ अँपिअर वीज ओढतो. सॉकेट सैल असेल तर तेवढ्याने प्लॅस्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि जळका वास येऊ लागतो. हे काम एसीवाल्याचे नसून इलेक्ट्रिशियनचे आहे, तेव्हा त्यासाठी एसी कंपनीच्या भेटीचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यानच गारवा कमी होत असेल आणि घरातले दिवेही मंद वाटत असतील, तर दोष कमी व्होल्टेजचाही असू शकतो. शेजारी विचारून पाहा. साऱ्या विंगची तीच रड असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागांत मात्र २०२० पासून वीजवितरण टोरंट पॉवरकडे आहे. नव्याने आलेली माणसे इथे हमखास चुकतात. वीजबिलावर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्याकडेच तक्रार करावी.

हवा येत असूनही गार नसेल तर आधी फिल्टर काढा. महामार्गालगतच्या इमारतीत पंधरा दिवसांत त्यावर करड्या धुळीची गोधडी जमते. ते नळाखाली धुऊन, सावलीत वाळवून परत बसवा. रिमोटवर चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ लागले आहे का, तेही पाहा; यात हसण्यासारखे काही नाही, आमच्याकडे हा बिघाड मुलीने दोनदा केला आहे. मग तापमान २० वर ठेवून पाच मिनिटे थांबा, कारण बंद करून लगेच सुरू केलेला कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटातला, गॅस दाबून फिरवणारा मुख्य भाग) साधारण तीन मिनिटे मुद्दामच थांबून राहतो. आता आउटडोअर युनिटकडे कान द्या. त्याचा पंखा फिरतो का? पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर नुसता ‘हूंऽ’ करून ‘टक्’ आवाजासरशी थांबतो का? की दोन्हीही ठप्प आहेत? जे दिसेल आणि ऐकू येईल ते कागदावर लिहा. इनव्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) असेल तर पडद्यावर एखादा त्रुटीचा कोड उमटतो किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवा, कारण तंत्रज्ञ येईपर्यंत तो कोड नाहीसा झालेला असतो.

पाणी गळत असेल तर नव्वद टक्के वेळा ड्रेन पाइपमध्ये शेवाळ किंवा गाळ अडकलेला असतो असे दोन-तीन कारागिरांनी मला सांगितले आणि माझा अनुभवही तोच आहे. एसी बंद ठेवा आणि खालच्या सॉकेटमध्ये पाणी उतरत नाही ना, तेवढे पाहा.

२. दुरुस्तीच्या आधी माणसांची सोय

मे महिन्यात तंत्रज्ञ आज बोलावला आणि आज आला, असे क्वचित घडते. चार-पाच दिवस जाणार असे गृहीत धरून घराची व्यवस्था लावा. ती लागली की तुमची घाई निम्मी होते आणि घाई निम्मी झाली की फसण्याची शक्यताही तेवढीच उतरते.

विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशातून आलेल्यांनी पहिला मोह आवरायचा तो कूलरचा. आम्ही अकोल्याचा कूलर ट्रकमध्ये घालून आणला होता. पहिल्या वर्षी एसी बंद पडताच तो मोठ्या अभिमानाने काढला, पाणी भरले, सुरू केला. तासाभरात गाद्या ओलसर, लाद्या चिकट आणि वडील वैतागून म्हणाले, “हा कूलर त नुसती वाफ सोडून रायला!” कारण साधे आहे. कूलर पाण्याचे बाष्पीभवन करून हवा गार करतो. अकोल्याची ४३ अंशांची हवा इतकी कोरडी असते की ती पाणी अधाशासारखी पिते आणि दहा-पंधरा अंशांनी उतरते. खाडीकाठची हवा आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते, तिच्यात आणखी पाणी मावत नाही. वाळ्याच्या ताट्या आणि ओले पडदे यांचीही इथे तीच गत होते. त्यामुळे अशा वेळी दुकानातून नवा कूलर उचलून आणणे म्हणजे पाच-सात हजारांची दमट हवा विकत घेणे आहे.

पंख्यासमोर बर्फाचे घमेले ठेवण्याचा उपायही बरेच जण सांगतात. त्याचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. एसीचा ‘टन’ हा मुळात बर्फाचाच टन आहे: एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. या हिशेबाने दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालतो तेव्हा दर मिनिटाला जवळजवळ एक किलो बर्फाचे काम करतो. म्हणजे तुमच्या फ्रिजमधला दोन किलो बर्फ दोन मिनिटांचा सोबती. तो बर्फ पन्ह्यात घालावा, हे उत्तम.

उपयोगी पडते ते असे. पश्चिमेच्या खिडक्यांना दुपारी बारापूर्वी जाड पडदे किंवा बाहेरून ताडपत्री लावा. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा ते काचेवर येण्याआधी अडवणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि मधले दार उघडे ठेवा. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. अशा घरात झोपण्याची जागा काही दिवस बैठकीच्या खोलीत हलवावी. वृद्धांच्या मानेवर, हातांवर ओला पंचा फिरवून त्यावर पंखा सोडावा; ओलावा खोलीभर पसरवण्यापेक्षा अंगावरच वापरल्यास त्याचा लाभ मिळतो. दुपारचे दोन-तीन तास शेजाऱ्यांकडे किंवा वाशी, सीवूड्स स्थानकालगतच्या मॉलमध्ये काढण्यातही कमीपणा मानू नये. आमचे वडील आठवडाभर रोज दुपारी समोरच्या काकूंच्या घरी जाऊन बसत. त्यांची आता दाट मैत्री झाली आहे.

एका बाबतीत मात्र हयगय नको. तापमान ‘फक्त ३६’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका; दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, ती याच पट्ट्यात. म्हाताऱ्या माणसाचे अंग तापलेले असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, तोल जात असेल, तर १०८ वर फोन करा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. एरवी तहान लागण्याची वाट न पाहता ताक, कोकम सरबत, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी थोडे थोडे द्यावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची औषधे चालू असतील तर साखर, मीठ आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

३. हाताशी ठेवायचे कागद आणि वस्तू

तक्रार नोंदवण्यापूर्वी पुढील गोष्टी एका पाकिटात काढून ठेवा:

– खरेदीचे बिल (जीएसटी क्रमांकासह) आणि वॉरंटी कार्ड. ऑनलाइन खरेदी असेल तर बिलाची छापील प्रत
– इनडोअर आणि आउटडोअर, दोन्ही युनिटांवरील अनुक्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र
– आधीच्या दुरुस्त्यांच्या पावत्या आणि वार्षिक देखभाल करार असल्यास त्याची प्रत
– भाड्याचे घर असेल तर नोंदणीकृत करारनामा आणि त्याला जोडलेली सामानाची यादी
– स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यपेटीचा साधा डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, जुने वर्तमानपत्र आणि एक भक्कम शिडी

आउटडोअर युनिटवरचे लेबल उन्हाने पुसट होते. घर ताब्यात घेतल्याच दिवशी त्याचे छायाचित्र काढा. नंतर तेवढ्यासाठी कुणाला तरी सज्जावर उतरावे लागते.

वॉरंटीचा अर्थ नीट वाचा. बहुतेक एसींना संपूर्ण यंत्राची एक वर्षाची आणि कॉम्प्रेसरची पाच किंवा दहा वर्षांची वॉरंटी असते. ‘दहा वर्षे वॉरंटी’ एवढेच विक्रेत्याने ऐकवलेले असते. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, वेल्डिंग, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे अनेकदा ग्राहकाकडूनच घेतले जातात, आणि बाहेरच्या कारागिराने यंत्र उघडलेले आढळले तर उरलेली वॉरंटी नाकारलीही जाते. वॉरंटी शिल्लक असेल तर पहिला फोन कंपनीलाच करा, मग चार दिवस अधिक लागले तरी चालतील.

४. तक्रार कुठे आणि कशी नोंदवावी

कंपनीचा क्रमांक वॉरंटी कार्डावरून किंवा यंत्रावरच्या लेबलावरूनच घ्या. मोबाइलवर शोधून पहिला दिसेल तो क्रमांक लावणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महागडा सापळा आहे. आमच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तसे केले. पलीकडच्या गोड आवाजाने ‘नोंदणीचे दहा रुपये’ भरण्यासाठी एक अॅप डाउनलोड करायला सांगितले आणि पुढच्या दहा मिनिटांत खात्यातून अकरा हजार गेले. भेटीपूर्वी पैसे, ओटीपी किंवा मोबाइलचा ताबा देणारे अॅप मागणारा माणूस एसीवाला नव्हे. असे घडलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि बँकेला फोन करा.

तक्रार क्रमांक, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि वेळ लिहून ठेवा. भेटीचे शुल्क किती, ते दुरुस्तीच्या रकमेतून वजा होते का, हे तेव्हाच विचारा. अनेक कंपन्या तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक पाठवतात. तंत्रज्ञ ‘पार्ट मागवायचा आहे, तोवर कोड देऊन ठेवा साहेब’ असे म्हणाला तरी तो देऊ नका. कोड दिला की तुमची तक्रार नोंदीत ‘सोडवली’ होते आणि मग रांगेत पुन्हा शेवटून उभे राहावे लागते.

वॉरंटी संपलेली असेल तर स्थानिक कारागीर बरा, पण तोही गल्लीत पक्के दुकान असलेला आणि पावती देणारा निवडा. सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला विचारण्यापेक्षा ज्यांच्याकडे तीन-चार एसी आहेत अशा जवळच्या दवाखान्यात किंवा मेडिकलच्या दुकानात विचारा. त्यांना एसी बंद ठेवून चालत नाही, त्यामुळे त्यांचा माणूस सहसा कामाचा असतो.

५. सोसायटी आणि आउटडोअर युनिट

गेटवर आधी नोंद करा, आणि दुपारी दोन ते चार कामास मनाई असेल तर त्याप्रमाणे वेळ घ्या. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आउटडोअर युनिट कुठे बसवले आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंत उंच इमारतींत ते अरुंद सज्जावर किंवा नुसत्या लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेले असते आणि एखादा वीस वर्षांचा मुलगा खिडकीच्या ग्रिलला एका हाताने धरून दहाव्या मजल्यावर काम करताना दिसतो. सुरक्षा पट्टा आणि दोर नसेल तर त्याला बाहेर पाऊल टाकू देऊ नका, तो ‘सवय आहे’ म्हणाला तरीही. आम्ही एका कारागिराला या कारणाने परत पाठवले. दुसऱ्या दिवशी तो पट्टा घेऊन आला आणि काम झाले. ब्रॅकेटचा गंजही त्याच वेळी तपासून घ्या, कारण इथल्या चार पावसाळ्यांत साधे लोखंड पापडासारखे सुटू लागते.

६. तंत्रज्ञ समोर असताना

या टप्प्यावर मी दोनदा चुकलो, म्हणून तो सविस्तर लिहितो.

‘कॉम्प्रेसर गेला’ हे वाक्य ऐकल्यावर काय करावे? पहिल्या वर्षी आमचा एसी जुना, घरमालकांचा, इनव्हर्टर नसलेला होता. हवा येत होती, गारवा नव्हता, आणि बाहेरून तोच ‘हूंऽ… टक्’ असा आवाज. आलेल्या माणसाने झाकणही न उघडता निदान केले आणि साडेचौदा हजार सांगितले. मी होकार दिला. सुट्या भागासाठी त्याला दोन दिवस हवे होते, आणि तेवढ्यात वडिलांनी मेडिकलवाल्याकडून दुसरा कारागीर शोधून आणला. त्याने आउटडोअरचे झाकण काढले, टॉर्च मारला आणि मलाच खिडकीशी बोलावून म्हणाला, “दादा, हे बघा.” एक चांदीच्या रंगाचा गोल डबा होता आणि त्याचा माथा टम्म फुगलेल्या पुरीसारखा वर आला होता. तो कपॅसिटर. कॉम्प्रेसरला सुरू होण्यासाठी जो धक्का लागतो तो याच्याकडून मिळतो. तो निकामी झाला की धडधाकट कॉम्प्रेसरही नुसता घुमतो आणि थांबतो. डब्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा कपॅसिटर बसवला, मजुरीसह सातशे रुपये झाले, आणि तो एसी पुढे वर्षभर चालला. म्हणून कॉम्प्रेसरचे निदान मान्य करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायला सांगा: कपॅसिटर मीटरवर मोजून दाखवावा, कॉम्प्रेसरच्या तारांचा रोध तपासावा, आणि क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) लावून तो किती अँपिअर ओढतो ते दाखवावे. जो हे करायला तयार नाही, त्याचे निदान ऐकून घ्यावे आणि चहा पाजून निरोप द्यावा. कपॅसिटरला स्वतः हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतका भार साठून राहतो.

दुसरे वाक्य, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे, आणि हे मी दुसऱ्या वर्षी घरमालकांनी लावून दिलेल्या इनव्हर्टर एसीवर दोनदा केले. दर वेळी तीन हजारांच्या आसपास गेले आणि दर वेळी गारवा वीस-पंचवीस दिवसच टिकला. तिसऱ्या कारागिराने साबणाचा फेस ब्रशने इनडोअर कॉइलच्या, म्हणजे आतल्या युनिटातल्या तांब्याच्या नळ्यांच्या, वाकणांवर लावला आणि आम्ही दोघे टॉर्च धरून पाहत राहिलो. डाव्या बाजूच्या तिसऱ्या वाकणावर मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. त्याच्याभोवतीचे तांबे काळपट पडले होते आणि खाली तेलाचा ओशट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर पडते, म्हणून असा डाग दिसला की गळती तिथेच आहे असे समजावे.

तांबे काळे का पडले, हे खाडीकाठच्या प्रत्येक घराने समजून घ्यावे. खाडीचा गाळ आणि सांडपाण्याचे नाले यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. तो तांब्याला आणि चांदीला खातो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या बाजूंना किंवा ठाण्यात नाल्यालगत राहत असाल आणि देवघरातली चांदीची निरांजने घासल्यावर आठवडाभरातच काळवंडत असतील, तर तुमच्या एसीच्या कॉइललाही तीच हवा लागते आहे. अशा घरात कॉइल दोन-तीन वर्षांत सच्छिद्र होण्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. एका ठिकाणी वेल्डिंग करून भागत नाही, कारण शेजारचे वाकण रांगेत उभेच असते. आम्ही अखेर पूर्ण कॉइल बदलून घेतली.

गळती बंद केल्यावर गॅस भरण्याची रीतही ठरलेली आहे आणि ती डोळ्यांनी पाहता येते. आधी नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून काही वेळ गेजचा काटा हलत नाही ना ते पाहतात. त्यासाठी ऑक्सिजनचे नळकांडे आणलेले दिसले तर काम तत्काळ थांबवा. तेलाशी त्याचा संपर्क आला की स्फोट होऊ शकतो. नंतर व्हॅक्यूम पंप किमान वीस-तीस मिनिटे चालवून आतली हवा आणि ओलावा काढतात. पंप न आणता ‘थोडा गॅस सोडून हवा काढून टाकतो’ म्हणणाऱ्यास स्पष्ट नकार द्या. त्यानंतर लेबलावर जो गॅस लिहिला आहे तोच, लेबलावर लिहिलेल्या वजनाएवढाच, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून भरायचा असतो. जुन्या यंत्रांत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए आणि हल्लीच्या बहुतेकांत आर-३२ असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-३२ आणि काही यंत्रांतला आर-२९० हे ज्वलनशील आहेत, तेव्हा काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातली समई विझवा आणि स्वयंपाकघरातला गॅसही पेटवू नका.

तिसरे वाक्य, ‘पीसीबी उडाली.’ पीसीबी म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. इनव्हर्टर एसीत हे वारंवार ऐकू येते आणि अनेकदा ते खरेही असते. नवी पीसीबी महाग पडते; वॉरंटी नसेल तर ती दुरुस्त होऊ शकते का ते आधी पाहा. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अशी कामे करणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. आमच्या एका परिचितांच्या पीसीबीवर पालीचे पिल्लू चिकटून मेले होते. ते काढून दोन सुटे भाग बदलले, एवढ्यात काम झाले. बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या. तो तुमच्या मालकीचा आहे, आणि तो मागणार हे आधीच सांगितले तर निष्कारण भाग बदलण्याचा उत्साहही मावळतो.

काम संपल्यावर थर्मामीटर काढा. खिडक्या बंद करून एसी पंधरा मिनिटे चालू द्या, मग वरून आत शिरणाऱ्या हवेचे आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजा. दोन्हींत आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर पैसे द्या. चार-पाच अंशांवर अडले असेल तर ‘रूम गार व्हायला वेळ लागतो’ हे उत्तर स्वीकारू नका. पावतीवर काय बिघडले, काय बदलले, किती ग्रॅम गॅस भरला आणि कामाची हमी किती दिवसांची, हे लिहून घ्या.

७. भाड्याचे घर असेल तर

एसी घरमालकांचा असल्यास बिघाड झाल्याच दिवशी त्यांना फोन करा आणि तोच मजकूर लेखी संदेशानेही पाठवा. स्वतः दुरुस्त करून नंतर भाड्यातून पैसे कापण्याचा मार्ग कटुतेकडे जातो. करारात एसीचा उल्लेख सामानाच्या यादीत आहे का, आणि ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे’ असे कलम असेल तर किरकोळची रक्कम किती, हे नवा करार करतानाच ठरवा. आमचे घरमालक काका सज्जन आहेत. तरीही सर्व्हिसिंग आमच्याकडे आणि सुटे भाग त्यांच्याकडे, ही एक ओळ करारात आल्यापासून संभाषण पाच मिनिटांत संपते.

८. दुरुस्ती की नवा

यंत्र सात-आठ वर्षांपेक्षा जुने, आर-२२ गॅसचे आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याकडे जाणारा असेल तर नवा घ्यावा, एरवी दुरुस्ती. मात्र हा निर्णय रात्री बारा वाजता घामाघूम अवस्थेत मोबाइलवर घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावरचा दर तपासा. खाडीकाठी राहणाऱ्यांनी ‘शंभर टक्के कॉपर’ या शब्दांवर न भुलता कॉइलवर गंजरोधक लेप आहे का आणि कॉइलच्या गळतीला किती वर्षांची लेखी वॉरंटी आहे, हे विचारावे. जुना एसी भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. तो नळी कापून गॅस हवेत सोडून देतो. एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

९. कुणीच दाद देत नसेल तर

वॉरंटीत असूनही कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि सात दिवसांची मुदत द्या. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. माझ्या मेव्हण्यांचे तीन आठवडे रखडलेले कॉइलचे काम तेथील नोंदीनंतर पाच दिवसांत झाले. त्यानेही न भागल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिसऱ्या टप्प्यातले पाकीट इथे पुन्हा कामी येते.

१०. पुढच्या फेब्रुवारीत

सर्व्हिसिंग होळीनंतर नव्हे, फेब्रुवारीतच करून घ्या. त्या महिन्यात कारागीर सांगितलेल्या वेळेला येतो, कॉइल घाई न करता धुतो आणि भावही उतरलेला असतो. त्याच दिवशी आत-बाहेरच्या हवेतला फरक मोजून तारखेसह लिहून ठेवा. आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तो कागद चिकटवला आहे. यंदा फेब्रुवारीत फरक अकरा अंश होता, एप्रिलच्या मध्यावर मोजला तेव्हा साडेआठ भरला. त्याच संध्याकाळी मी कारागिराला फोन केला. नव्या कॉइलच्या सांध्यावरचा एक नट किंचित सैल होता. वडिलांनी टॉर्च धरला, त्याने तो आवळला, फेस लावून पाहिला आणि वजनकाट्यावर दीडशे ग्रॅम गॅस भरला.